अक्काच्या कोपराचा एक्स-रे

माझ्या आत्याचं ठरलेलं लग्न तिच्याच कोपराने मोडलं!

ती माझी मोठी आत्या, आम्हा सगळ्यांची अक्का, आज सकाळी धुळ्यात गेली. नव्वदी पार करून.

रडू येतंय. पण तिची ही फेवरिट गोष्ट आज सांगणारच.

स्वातंत्र्याच्या आधीचा काळ. अक्काचे वडील वारलेले. चुलत्याने तिचं लग्न पहूरच्या एका बिजवराशी ठरवलं.

अक्का जेमतेम बारा वर्षांची. कायद्याने चौदा पूर्ण हवीत.

तिचा नरडाण्याचा मामा लग्न थांबवायला तडक धुळ्याच्या कोर्टात गेला.

चुलता म्हणाला, "पोरगी पंधराची शे!"

जन्माची नोंद कुठेच नाही. त्यात अक्का उंच, थोराड. बघणाऱ्यालाही पंधराचीच वाटायची.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "एक्स-रे काढा."

एक्स-रे! गावात कुणी नावही ऐकलं नव्हतं. हात जळेल म्हणून तिची आई रडायला लागली.

अक्काने स्वतःच मशीनखाली हात ठेवला.

"भ्याव नाही वाटलं?" मी विचारायचो.

"वाटलं ना! पण लग्नाचं जास्त वाटत होतं."

कोर्टात डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"कोपराजवळची ही फट बघा, साहेब. हाडाचं टोक अजून जुळलेलं नाही. पंधराव्या वर्षी बहुतेक मुलींचं जुळलेलं असतं."

चुलता उसळला. "ही तर सावली शे! सावलीवर लगन मोडतस का?"

तेवढ्यात अक्का मामाचा हात सोडवून थेट पुढे.

"साहेब, मालेबी दखाडा!"

मॅजिस्ट्रेटना हसू आलं. फिल्म तिला दाखवली. स्वतःची हाडं! अक्का बघतच राहिली.

आणि लग्नाला मनाई हुकूम!!

कोर्टाच्या पायऱ्यांवर मामाने तिला चक्क खांद्यावर घेतलं. एवढ्या थोराड पोरीला!

पुढे ती मामाकडे शिकली. पिंपळनेरच्या शाळेत मास्तरीण झाली. लग्नही केलं, स्वतःच्या पसंतीने.

चुलत्याने बरीच वर्षं अबोला धरला.

पण त्याच्या स्वतःच्या धाकट्या लेकीला लवकर स्थळ आलं, तेव्हा पाहुण्यांना तोच म्हणाला, "आत्ते नही. शिकू द्या तिले."

तीच लेक, माझी चुलत आत्या, सकाळपासून अक्काच्या उशाशी बसलीय. चहाही घेत नाही. उठ म्हटलं तर ऐकत नाही.

जा अक्का, सुखाने जा.

भरल्या डोळ्यांनी तुला आमचा सगळ्यांचा निरोप. 🙏