तुमचं माणूस आणा

सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत मी सहा वर्षं एकटी राहत होते आणि कुणाकडे कधी काही मागितलं नव्हतं. कपाट हलवायचं असो की तापात औषध आणायचं असो, फोनवरून माणूस बोलवायचा, पैसे द्यायचे, दार लावायचं. खालच्या मजल्यावरच्या बेळगावच्या काकूंनी एकदा पुरणपोळ्या पाठवल्या, तर त्याच संध्याकाळी मिठाईचा पुडा देऊन मी मोकळी झाले होते.

मग पोट दुखायला लागलं. थांबेना. डॉक्टरांनी आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला सांगितली. "तुकडा काढून तपासायला पाठवू," एवढंच म्हणाले. गुंगी देणार, म्हणून सोबत कुणीतरी हवं होतं. मी एका एजन्सीकडून मदतनीस बाई ठरवली.

सकाळी फॉर्म भरताना नर्सने बाईंकडे बघून विचारलं, "या तुमच्या कोण?"

"पैसे देऊन आणलंय यांना."

"मग नाही चालणार. काही झालं तर सही कोण करणार? तुमचं माणूस आणा. बारापर्यंत थांबते."

काही झालं तर. तोपर्यंत हे शब्द मी मनातसुद्धा उच्चारले नव्हते. आदल्या दिवसापासून पोटात अन्न नव्हतं. आज राहिलं तर पुढची तारीख दहा दिवसांनी. मी फोनमधली नावं वर-खाली करत बसले. प्लंबर, पाण्याचे कॅन, इस्त्री. भाऊ पुण्यात, त्याला काही सांगितलंच नव्हतं. ऑफिसात कुणाला विचारलं असतं तर हो म्हणायच्या आधी समोरचा क्षणभर गप्प झाला असता. त्या क्षणाची मला तपासणीइतकीच भीती वाटत होती.

शेवटी काकूंना फोन लावला आणि एक रिंग होताच कापला. लगेच त्यांचाच आला.

"फोन केलीस काय गं?"

मी कसंबसं सांगितलं.

"कुठलं हॉस्पिटल?"

मी नाव सांगितलं. काकूंनी ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "सरी, बरं. येतो बघ."

पाऊण तासात त्या रिक्षातून उतरल्या. पायांत घरातल्याच सपाता होत्या. नर्सने नातं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "शेजारीण. चालतंय नव्हं?" नर्सने कागद पुढे सरकवला. सही करता करता त्यांनी दोनदा मागे वळून दाराकडे पाहिलं.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"आमच्या मालकांना इथंच आणलं होतं. ते घरी आले नाहीत. तेव्हापासून ह्या दारात पाय टाकलं नव्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग आलात कशाला?"

"तू विचारलीस की."

तेवढ्यात मला आत बोलावलं. पर्स, चष्मा, घराची किल्ली सगळं त्यांच्याकडे दिलं. खाटेवर झोपवलं, दिवा डोळ्यांवर आला आणि मी ओरडणार, एवढ्यात गुंगी चढली. जाग आली तेव्हा काकू खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या होत्या, माझ्या पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळून.

आठवड्याने रिपोर्ट आला. नुसती सूज होती. ते सांगायला मी रिकाम्या हाताने खाली गेले. तसं जाणं मला फार जड गेलं. काकूंनी चहा टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोतीबिंदू काढायचाय. दोन वर्षं झाली. पोरगा कॅनडातनं पैसे पाठवतोय, माणूस ठेव म्हणतोय. तू येशील काय?"

मी हो म्हटलं, रजाही टाकली. ऑपरेशनच्या दिवशी त्यांना आत नेल्यावर दार बंद झालं. डोळ्याचं साधं ऑपरेशन, अर्ध्या तासाचं, असं स्वतःला सांगत राहिले. पण आतून भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मी ताडकन उभी राहिले. माझ्या तपासणीच्या वेळीसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. दार उघडून काकू डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर येईपर्यंत मी खाली बसलेच नाही.