तिरळ्या डोळ्यांचं काळं सफरचंद

दुसऱ्याची मुलं सांभाळणाऱ्या बाईनं त्यांच्यात जीव अडकवू नये, असं अमेरिकेतल्या एडिसन गावच्या शोभनामावशी स्वतःच सगळ्यांना बजावायच्या. सांगायला काय जातं! ऋता तान्ही असल्यापासून दुसरी संपेपर्यंत त्यांच्याकडे होती आणि मावशींचा जीव पुरता अडकला होता.

हॅलोवीनला, म्हणजे मुलं भुतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात त्या दिवशी, दोघींचा एक उद्योग ठरलेला. ऋता सफरचंदांत अंगणातल्या वाळक्या काटक्या खोचायची. मावशी चिक्कीसारखा कडक पाक करून त्यात काळा रंग घालायच्या, सफरचंदं बुडवून काढायच्या. मग ऋता त्यांना साखरेचे डोळे लावायची, एक वर, एक खाली. तिरळ्या भुताची जास्त भीती वाटते, असं तिचं म्हणणं.

यंदा ऋता शाळा सुटल्यावरही शाळेतच थांबू लागली आणि मावशींचं काम संपलं. तिच्या आईनं, इशितानं, साडी देऊन, पाया पडून निरोप घेतला. वागण्यात नाव ठेवायला जागा नव्हती. जाताना ती म्हणाली होती, हॅलोवीनला नक्की येऊ. त्यानंतर फोनसुद्धा नाही, तरी मावशी त्या एका वाक्याच्या भरवशावर होत्या. त्यांनी एकटीनं सफरचंदं केली. एकाचे डोळे मुद्दाम तिरळे लावले.

संध्याकाळी दारात भुतांचा घोळका आला. पांढऱ्या चादरीतलं सगळ्यात छोटं भूत डावा पाय जरा आत टाकत चालत होतं. तो पाय मावशींनी रोज तेल लावून चोळला होता. ओळखायला चेहरा कशाला हवा? त्यांनी तिरळं सफरचंद पुढं केलं. चादरीतून हात बाहेर आला.

"ऋता, नो," मागून इशिता म्हणाली. मग जवळ येऊन ओशाळत म्हणाली, "मावशी, राग मानू नका हं. होममेड काही घ्यायचं नाही, असं आम्ही सगळ्या पेरेंट्सनी ठरवलंय. पॅकेटमधलं असेल तर द्या ना."

ज्या हातचा वरणभात खाऊन पोर वाढली, त्याच हातचं आता चालेना. घरात पॅकेटमधलं काही नव्हतं. बरोबर आहे गं तुझं, एवढंच मावशी म्हणाल्या.

चादरीतला हात मागं गेला. "इट्स ओके. थँक यू, आंटी," म्हणत ऋता मैत्रिणींमागं पळाली.

आंटी! बोलायला लागल्यापासून जिनं मावशीशिवाय हाक मारली नाही, ती म्हणाली आंटी.

हॅलोवीनला दारचा दिवा बंद असला की मुलं त्या घरी येत नाहीत. मावशींनी दिवा मालवला. ते सफरचंद ओट्यावर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसून त्या ओक्साबोक्शी रडल्या.