नाव घेऊन केलेली प्रार्थना

आमच्या टाउनशिपच्या चर्चमध्ये मराठी उपासना दुपारी असायची. सकाळची वेळ हिंदीवाल्यांची, त्यानंतर मल्याळी मंडळींची, आणि सगळ्यांची जेवणं होऊन भोपाळ डुलक्या काढू लागलं की आमची. आम्ही होतोच मोजकी घरं, बहुतेक नागपूरकडून कारखान्यात नोकरीला आलेल्या फिटर-वेल्डरांची. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आम्ही नेहरू नगरला फ्लॅट घेतला, पुढे वडीलही गेले. आईचं चर्च मात्र बदललं नाही. दर रविवारी तिला स्कूटरवर बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायची ड्यूटी माझी. मी मंडीदीपला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला, आठवड्यातून एकच सुटी, आणि ती अशी भर उन्हात जायची. मी वाटभर कुरकुरायचे. आई मागे बसून गाणी गुणगुणायची आणि आपल्याला काही ऐकूच येत नाही असं दाखवायची.

आईची ख्याती होती ती तिच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी. पाळक म्हणाले, "आता इतरांसाठी विनंत्या करू," की सगळ्या माना आईकडे वळत. ती उभी राही आणि नावं घ्यायला लागे. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं अडलेलं प्रमोशन, सगळं नावानिशी आणि पत्त्यानिशी. पाण्याच्या टाकीमागचं क्वार्टर, भाजी मार्केटच्या वरची गल्ली, काही सुटायचं नाही. एकदा तिने एका गृहस्थांची मूळव्याध अख्ख्या मंडळीसमोर देवाच्या कानावर घातली, तेव्हापासून ते हिंदी उपासनेला जाऊ लागले.

"आई, देवाला माहीत नाही का कोण कुठे राहतं?" मी विचारायचे.

"त्याला माहीत आहे गं. पण मोघम बोललं की आपलंच ध्यान राहत नाही. नाव घेतलं की माणूस समोर येऊन उभं राहतं."

आईचीच काय, महिला मंडळातल्या सगळ्याच बायकांची ही रीत होती. नाव न घेता केलेली प्रार्थना त्यांना पत्ता न घालता टाकलेल्या पत्रासारखी वाटायची.

आमच्या जुन्या क्वार्टरच्या शेजारची मुलगी आईच्या संडे स्कूलमध्ये शिकून मोठी झाली. ती पुढे नर्स झाली आणि नवऱ्याबरोबर मिशनच्या कामासाठी परदेशी गेली. देश कोणता ते मी लिहिणार नाही, आणि या लिखाणात कुणाचंच नाव का नाही तेही पुढे कळेलच. तिथे एक लहानसा दवाखाना ते दोघं चालवत. मंडळातल्या बायका रोज भाताला तांदूळ घेताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकत. तो तांदूळ चर्चमध्ये विकला जाई आणि पैसे मिशनच्या कचेरीमार्फत त्या दवाखान्याला जात. आमच्या घरातला तो डबा मी कधी रिकामा पाहिला नाही. घरात तांदूळ संपत आले तरी आई त्याला हात लावू द्यायची नाही.

मग त्या देशात सरकार पडलं. रस्त्यावर जमाव उतरले आणि जमावाला पहिल्यांदा सापडतात ती संख्येने थोडकी असलेली माणसंच, तिथे ती ख्रिस्ती होती. तिथल्या चर्चला कुलूप लागलं. तेव्हा तिथल्याच एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आपल्या घरात उपासना भरवायला सुरुवात केली. ती ख्रिस्ती झाली म्हणून तिच्या माहेरच्यांनी तिला केव्हाच टाकलं होतं. नर्सने हे आईला फोनवर सांगितलं आणि म्हणाली, "मावशी, तिच्यासाठी प्रार्थना करा हो." आईने लगेच बाईचं नाव विचारलं, गाव विचारलं, गल्ली विचारली. त्या परक्या नावाचा उच्चार नीट यावा म्हणून ते पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. आठवडाभर ती पोळ्या लाटताना ते नाव घोकत होती.

रविवारी तिने ते घेतलं. खणखणीत, एकही अक्षर न चुकता. घर कुठे, बाजूला काय, लोक कधी जमतात, सगळं. मला तर तिचं कौतुक वाटलं. पुढच्या बाकाजवळ पाळकांचा फोन स्टँडवर लावलेला होता. लॉकडाउनपासून आमची उपासना मोबाइलवर थेट दाखवत असत, घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांसाठी. त्या फोनची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की तो कुणाला दिसतच नव्हता.

नर्सचा फोन पुढच्याच आठवड्यात आला. "मावशी, तो व्हिडिओ काढून टाकायला सांगा. आत्ता, लगेच." तिच्या नवऱ्यानेच तो तिथल्या विश्वासी लोकांना आनंदाने पाठवला होता, बघा, तुमच्यासाठी भारतात प्रार्थना चालली आहे म्हणून. मराठी त्यांना कळणार नव्हतं. पण माणसाचं आणि गावाचं नाव कळायला मराठी कशाला लागतं? तो या फोनवरून त्या फोनवर गेला आणि जिथे जायला नको तिथेही पोचला. पाळकांनी इथून पुसला. तिथल्या फोनांतून कोण पुसणार होतं?

काही माणसं त्या गल्लीत विचारपूस करत आली. घराला कुलूप होतं. शिवणाचं मशीन आत, बाई कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. त्या दिवसांत तिथे आणखीही बऱ्याच घरांवर माणसं गेली होती. या घरी ती व्हिडिओमुळे आली की तशीही येणारच होती, हे नर्सलाही सांगता येईना.

"पोलिसात सांगू या का?" आईने मला विचारलं.

"कुठल्या पोलिसात, आई? इथल्या थान्यात जाऊन काय सांगणार?"

"काही तरी करता येत असेल ना. तू ऑफिसात काम करते, तुला माहीत असेल."

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. मी दिल्लीला एका सरकारी कार्यालयात फोन लावला. तिकडचा माणूस अगदी सभ्य होता. त्याने विचारलं, "वो इंडियन सिटिज़न हैं?" नाही म्हटल्यावर तो "आय ऍम सॉरी, मॅडम" म्हणाला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आई माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी फोन ठेवून चहा टाकायला उठले, दुसरं काय करणार होते.

पुढच्या रविवारी पाळकांनी विनंत्यांचं सांगितलं तेव्हा माना नेहमीसारख्या आईकडे वळल्या. ती उभी राहिली. "हे प्रभू," म्हणाली आणि तिथेच अडकली. पंखे घरघरत होते, सगळे डोळे मिटून वाट बघत होते. ती तशीच खाली बसली. शेवटी पाळकांनीच थोडक्यात प्रार्थना उरकली. त्यानंतर ती उभी राहिलीच नाही. कुणाच्या गुडघ्यासाठीही नाही. येताना स्कूटरवर तिचं गाणंही बंद झालं. ती गात नाही म्हणून मला एवढं जड वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मूठभर तांदूळ मात्र रोज डब्यात पडत राहिला.

बऱ्याच दिवसांनी नर्सचा पुन्हा फोन आला. बाईचा पत्ता नव्हताच. आई गप्प गप्प असते हे तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. "मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "मी तिला सांगितलं होतं, भोपाळला तुझं नाव घेऊन प्रार्थना करतात म्हणून. तेव्हा ती किती रडली. तिच्या माहेरी तिचं नाव कुणी काढत नाही. आईसुद्धा नाही. म्हणाली, कुठे तरी कुणी मोठ्याने माझं नाव घेतं, मला पुष्कळ झालं."

हे सांगून ती आईचं दुःख हलकं करू पाहत होती. आईने "बरं बाळा" म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघण्याच्या घाईत होते आणि स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होता. सुरू तो सुरूच. चटणीला एवढा वेळ लागत नाही. मोटर जळेल म्हणून ओरडायला मी दारापर्यंत गेले. आईची पाठ माझ्याकडे होती, एक हात मिक्सरच्या झाकणावर, डोळे मिटलेले. त्या कर्कश आवाजाआड तिचे ओठ हलत होते, आणि हलत होते ते सावकाश, प्रत्येक अक्षर नीट लावत. मिक्सरच्या भांड्यात काहीच नव्हतं.

मी ओरडले नाही. पुढे जाऊन फक्त खिडकी लावून घेतली.