घोट्यावरचा काळा डाग

"हे काळं पडलंय, दिसतंय ना? मांस मरायला लागलंय. आत पू आहे. आत्ता कापलं नाही तर पाय जाईल."

असं मी म्हणालो आणि म्हणताना मला फार बरं वाटलं. महाडच्या बाजारात दवाखाना थाटून मला जेमतेम आठ महिने झाले होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. दारावरच्या पाटीत नाव लहान होतं, पदवी मोठी.

टेबलावर धोंडू बसला होता. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, मुंबईत कापडगिरणीत साच्यावर, विणायच्या मागावर, उभा राहणारा. रजेवर आला आणि बांधावरून उतरताना पाय मुरगळला. आता घोटा लालबुंद, गरम. सूज पोटरीपर्यंत. वर पाण्याने तट्ट भरलेले फोड आणि मधोमध सुपारीएवढा काळा डाग. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. नाही झाला, तर जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, त्याची जागा दुसऱ्याला देणार.

"कापलात की सोमवारी जाईन ना, साहेब?"

"पळत जाशील."

आधी काय लावलं होतं, हे मी विचारलं नाही. गावठी औषध लावून आलेल्यांना मी इतका झापत असे की लोकांनी सांगणंच सोडलं होतं. कंपाउंडर तुकाराम दोनदा खाकरला. रोग्यासमोर तोंड उघडायचं नाही, असा हुकूम त्याला मीच दिला होता. तो पाळत होता.

मी कापलं. पू नाही. पिवळसर, नितळ पाणी आलं.

धोंडूची आई वाकून बघत होती. "डाक्तर, पू कुठं हाय?"

"खोल असेल." मी आणखी खोल गेलो.

"आये गो!" धोंडू ओरडला. आता रक्त आलं. पू नाहीच.

ते पाणी मी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. जंतू एकही नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या जंतूंशी झुंजतात, त्याही तुरळक. मी पुन्हा पुन्हा भिंग पुसलं.

शेवटी म्हातारीच म्हणाली, "बिब्बा हाय तो. मुरगळीवर मीच लावला. उतला, कातडी भाजली. तुज्या डगल्याच्या गळ्याला परटानं खूण केलीय ना, तीच ही."

मी कोट काढून कॉलर उलटी केली. परटाची बिब्ब्याची खूण. तोच काळा रंग.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू वरडतोस."

"तुकाराम, तुला कळलं होतं?"

"पहिल्यांदा खाकरलो तेव्हाच, साहेब."

कॉलेजात हे सगळं मी घोकलं होतं. कातडी दुखावली की तिच्यातून काही द्रव्यं सुटतात. ती केसाहून बारीक रक्तनळ्यांना सैल करतात. नळी फुटत नाही; तिच्या भिंतीतल्या फटी रुंदावतात आणि रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं. नव्या माठाला पाझर असतो, तसं. सूज म्हणजे तेच पाणी. जंतू असले तर त्याच भिंतीतून पांढऱ्या पेशी बाहेर येतात, वईच्या काटेरी कुंपणातून मांजर अंग चोरून निघतं तशा. लढून मेल्या की त्यांचा पू होतो. बिब्ब्याने पाझर फुटला होता, लढाई नव्हतीच. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण होते.

"सवच्या कुंडात पाय बुडवू काय? ऊन पाणी हाय," म्हातारीने विचारलं.

"नको. उष्णतेने नळ्या आणखी सैल होतील." त्या दिवसातला माझा हा एकमेव बरोबर सल्ला.

तिसऱ्या दिवशी धोंडूला डोलीतून आणलं. अंगात ताप. मी कापलेल्या जागेतून घट्ट पिवळा पू येत होता. भिंगाखाली धरला. पांढऱ्या पेशींची खचाखच गर्दी, मधे जंतूंचे घोस. मी शोधत होतो तो पू अखेर सापडला. तो मीच आत घातला होता. आता खरोखरच पाय जायची वेळ होती.

मी कढत पाण्याचा शेक सांगितला.

"तवा नको, आता हवा?" म्हातारी म्हणाली.

"तेव्हा पाणीच पाझरत होतं. आता पेशी भराभर पोचायला हव्यात."

"आनि तवा चाकू?"

मी पाणी तापत ठेवलं. पंधरा दिवस मी स्वतः शेकलं, धुतलं, बांधलं. पाय वाचला. सोमवार कधीच टळून गेला होता.

जॉबरला दाखवायला धोंडूने सर्टिफिकेट मागितलं. मी "बिब्बा उतल्यामुळे" असं लिहिलं, आणि फाडलं. मग लिहिलं, "डॉक्टरने विनाकारण कापल्यामुळे." खाली सही केली, पदवीसकट.

महिन्याने त्याचं पत्र आलं. जॉबरने ते सर्टिफिकेट खात्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, पोटभर हसला आणि जागा परत दिली. असं लिहिणारा डॉक्टर खोटा असूच शकत नाही, म्हणाला.

तेव्हापासून चाकू उकळायला टाकण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. रोग्याला, "काय लावलंत?" आणि तुकारामला, "खाकरायचं आहे का?"