ओढ्याच्या अलीकडे ग्रामसभा नसते

मी भांडकुदळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. सगळा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला. पोरांवर ओरडून ओरडून आवाज असा तयार झालाय की मला हळू बोलताच येत नाही. निवृत्त झाले, वर्षाच्या आत आमचे हे, तेही शिक्षकच, गेले. मुलगा पूर्ण्याला रेल्वेत होता, तेवढा एक आधार जवळ होता, तर त्याची बदली सिकंदराबादला झाली. घरात मी आणि टीव्ही. टीव्हीशी भांडून भांडून किती भांडणार? मग मी ग्रामसभेला जायला लागले.

ग्रामसभा म्हणजे काय, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं, पण त्यातली गंमत मला तिथं बसल्यावर कळली. आमदाराला तुम्ही तोंडावर काही विचारू शकत नाही. खासदार तर दिसतच नाही. पण झेंडावंदन झालं, शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या, की गावातला कुणीही मतदार उभा राहून सरपंचाला विचारू शकतो, की नालीचं काय झालं. आणि सरपंचाला उत्तर द्यावं लागतं. माझ्यासारखीला याहून आणखी काय पाहिजे!

फक्त एक अडचण असायची. ठरल्याइतके लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कितीही कमी माणसं चालतात. मग चार जण चहा पीत सगळ्या गावाचं ठरवून टाकतात. ते होऊ नये म्हणून मी सकाळीच निघायची आणि घरोघर जाऊन बायकांना उठवायची. 'चला गं, भाकरी नंतर थापा!' खरं सांगू? मला सभेपेक्षा ते फिरणंच जास्त आवडायचं. कुणी चहा ठेवायचं, कुणी सुनेची तक्रार सांगायचं, कुणी लेकीचं ठरलेलं लग्न कानात सांगायचं. एरवी महिना महिना मला 'बाई, बसा' म्हणणारं कुणी नसायचं.

सभेत माझं भांडण ठरलेलं असायचं, दादांशी. दादा म्हणजे ओढ्याकाठचे मोठे जमीनदार, माझ्याच वयाचे. मी नाली म्हणाले की ते शेताकडची पाणंद म्हणणार, मी शाळेची भिंत म्हणाले की ते स्मशानाचं पत्र्याचं शेड म्हणणार. एकदा मी त्यांना भर सभेत म्हणाले, तुम्हाला माझ्या वर्गात बसवलं असतं तर सगळी पाणंद आपोआप सरळ झाली असती. ते म्हणाले, तुमच्या वर्गात बसलो असतो तर मी शाळाच सोडली असती. लोक पोट धरून हसले. घरी येताना मला लय बरं वाटलं होतं.

आमचं घर ओढ्याच्या अलीकडे, शहराच्या बाजूला. नोकरीत असताना आम्ही तिथं प्लॉट घेतला होता. पाच-सहा शिक्षकांची घरं, म्हणून शिक्षक कॉलनी. पण कॉलनी गावाचीच. घरपट्टी ग्रामपंचायतीत, मतदान गावच्या शाळेत. मग तालुक्याच्या शहराची हद्दवाढ झाली. मुंबईहून नगरविकास खात्याचा आदेश निघाला आणि ओढ्यापर्यंतचे जमिनीचे सगळे गट शहरात गेले. हरकती मागवल्या होत्या म्हणे. परभणीला कलेक्टर कचेरीत जाऊन कुणी हरकत घेतली नाही. उलट कॉलनीत आनंदच होता, की आता नळ येणार, डांबरी रस्ता होणार, प्लॉटला भाव येणार. मीही पेढा खाल्ला. ओढा होता तिथंच होता, पलीकडचं गाव होतं तिथंच होतं, माझ्या दारातून दिसत होतं. मला वाटलं, बदललं काय? पाटी.

पुढच्या ग्रामसभेला मी नेहमीसारखी गेले. सकाळी बायका गोळा केल्या, पुढच्या सतरंजीवर बसले, हजेरीची वही फिरत आली तशी सवयीनं सही ठोकली. ग्रामसेवक नवा पोरगा. त्यानं नावं तपासली आणि मान खाली घालूनच म्हणाला, 'बाई, तुमची सही चालत न्हाई आता. तुमी नगरपरिषदेत गेलाव.' मी म्हणाले, अरे, मी कुठंही गेले नाही, इथं तुझ्यासमोर बसलेय. त्यानं पट्टी घेतली आणि माझ्या सहीवर सरळ रेघ ओढली. मीच जमवलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अपमानानं माझे कान तापले.

सरपंच माझी जुनी विद्यार्थिनी आहे. हुशार पोरगी, नवऱ्याला खुर्चीजवळ फिरकू देत नाही. ती म्हणाली, 'बसू द्या बाईंना, ऐकायला काय हरकत हाय.' म्हणून मी बसले. आणि त्याच सभेत दादा उभे राहिले आणि म्हणाले की गावच्या दफनभूमीत आता शहरातल्या कॉलन्यांचे लोकही माती द्यायला आणायलेत, जागा आहे एवढीशी, उद्या गावातल्या माणसाला कुठं न्यायचं? हद्दीबाहेरच्यांना बंद करा. पुढच्या सभेत ठराव घेऊ, असं ठरलं.

सभा संपायच्या आधीच मी उठून घरी आले.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. माणसाला बसवतात, भस्म लावतात, गळ्यातलं इष्टलिंग हातात देतात, बेलाची पानं घालतात. आमचे हे तिथं बसलेत. त्यांची समाधी बांधली तेव्हाच शेजारची जागा मी विधी करणाऱ्या जंगम स्वामींना आणि खणणाऱ्यांना दाखवून ठेवली होती, की ही माझी. दर सोमवारी बेल घेऊन जाते तेव्हा मी त्या जागेवरचं गवत उपटून येते. आणि आता मी हद्दीबाहेरची!

मुलाला फोन केला. तो म्हणाला, 'आई, तू असलं काय बोलतीस? अजून लय वर्षं हायेत तुला. तू इकडंच ये बरं राहायला.' मी विचारलं, आणि तिकडं काही झालं तर मला कुठं ठेवशील? त्यानं नातवाच्या परीक्षेचं काढलं. त्याचं तरी काय चुकलं, आईचं मरण कुणाला बोलायला आवडतं. पण मला ते कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि फोन ठेवल्यावर घरात कुणी नव्हतं.

मग मी नगरपरिषदेत गेले. आता तेच माझं सरकार ना! म्हणाले, मला तुमच्या सभेत दोन मिनिटं बोलायचंय. खिडकीतला माणूस चांगला होता, त्यानं मला खुर्ची दिली. म्हणाला, 'मावशी, ती नगरसेवकांची सभा असते. नागरिकांना बोलता येत नाही.' बरं, मग माझ्या नगरसेवकाला सांगते. 'नगरसेवक नाहीत. मुदत संपली, निवडणूक झालेली नाही. सध्या प्रशासक आहेत.' मग प्रशासकांना भेटते. 'साहेब परभणीला मीटिंगला गेलेत.' शेवटी मी माझं दुखणं त्यालाच सांगितलं. तो एकदम खूश झाला. म्हणाला, 'एवढंच होय! आपली दफनभूमी आहे की, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. भरपूर मोकळी जागा आहे.' एसटीत खिडकीजवळची सीट दाखवावी तसा बोलला. मी म्हणाले, तिथं माझं कोण आहे? त्याला काही कळलं नाही, आणि माझ्या मागं रांग लागली होती.

तहसीलला गेले. तिथले म्हणाले, जमीन सरकारची, पण सांभाळायचं काम ग्रामपंचायतीचं, आम्ही मध्ये पडत नाही. पंचायत समितीत गेले. गटविकास अधिकारी तरुण मुलगी. माझं सगळं नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, 'बाई, असल्या बाबतीत ग्रामसभा म्हणेल ते. तुम्ही ग्रामसभेतच बोला ना.' मी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं म्हणून चष्मा पुसायला लागले.

नागरिकशास्त्राच्या तासाला मी फळ्यावर चौकटी काढायची. खाली ग्रामपंचायत, तिच्यावर पंचायत समिती, तिच्यावर जिल्हा परिषद. बाजूला वेगळ्या चौकटीत नगरपरिषद. दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा सोडायची, पोरांना नीट दिसावं म्हणून. त्या जागेत माणूस राहत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पोरांनीही कधी विचारलं नाही, आणि परीक्षेत त्याला मार्कही नव्हते.

ठरावाच्या सभेचा दिवस आला. सकाळी उठून मी तयार झाले, पण गावात बायकांना बोलवायला फिरले नाही. कुठल्या तोंडानं फिरणार? सरळ पटांगणात गेले. सतरंजीवर बसले नाही. शाळेच्या दाराशी एक खुर्ची होती, तिच्यावर बसले, पाहुणी बसते तशी. पण बायका आपल्या आपणच आल्या होत्या, आणि त्यातल्या दोघी-तिघी माझ्याकडे बघून हसल्या.

ठराव निघाला आणि मला राहवलं नाही. उभी राहिले. ग्रामसेवक म्हणाला, 'बाई, तुमाला बोलता येत न्हाई.' मी म्हणाले, माहिती आहे रे बाबा, मीच शिकवलंय ते. आणि खाली बसले.

दादा समोरच होते. ते मागं वळले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सभेकडे तोंड करून म्हणाले, 'तिला बोलता येत न्हाई तर मी बोलतो तिचं. मी मतदार हाय का न्हाई?' ग्रामसेवक गडबडला. म्हणाला, 'दादा, ठराव तुमचाच हाय.' दादा म्हणाले, 'माझं बी बोलतो, तिचं बी बोलतो. सांगा बाई, काय म्हणणं हाय?'

मी खुर्ची पुढं ओढली आणि त्यांच्या कानाशी सांगायला लागले. मी सांगायची, ते मोठ्यानं बोलायचे, आणि सगळं चुकीचं. मी म्हणाले, माझे यजमान तिथं आहेत. ते ओरडले, 'हिचा नवरा तिथं पडलाय!' मी भडकले, 'पडलाय काय? बसलेत ते, बसलेत!' सगळं पटांगण हसलं. मग दादाच हसू आवरून म्हणाले, 'माझं म्हणणं परक्यांसाठी हुतं. ही बाई काय परकी हाय का? हिनं माझं डोकं खाल्लं न्हाई अशी एक सभा झाली न्हाई. गुरुजी एकटे बसलेत तिथं. हिला दुसरीकडं नेऊन बसवलं तर गुरुजींना तेवढी शांतता मिळंल, पर ते बरं न्हाई.'

मी रडले. सगळ्यांच्या देखत, पदर तोंडाला लावून. रडू हसण्यातच मिसळलं, त्यामुळं कुणाच्या फार ध्यानात आलं नाही.

सरपंच पोरीनं ठरावात सुधारणा केली. हद्दीबाहेरच्यांना बंद, पण ज्यांचा नवरा, बायको, आई, बाप आधीच तिथं आहे त्यांना जागा द्यायची. कुणाकुणाला मान्य आहे, हात वर करा. भराभर हात वर झाले. माझाही झाला. ग्रामसेवक मोजत मोजत माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, 'बाई, हात खाली घ्या.' मी घेतला.

ठराव मंजूर झाला. दादा काठी टेकत निघाले, जाताना म्हणाले, 'मी तुमच्याआधी जाणार, बघा, आमच्या जाळायच्या शेडला तरी पत्रे घालून घ्या.' बायका भाकऱ्या थापायला पळाल्या. सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. मी अजून खुर्चीवरच होते. जिवाला केवढा घोर होता, आणि तो मिटला होता, तरी उठावंसं वाटत नव्हतं.

सरपंच माझ्याजवळ आली, वाकून पाया पडली. म्हणाली, 'बाई, झालं की नाही तुमचं काम? आता निवांत राहा. आता कशाला उन्हातान्हात ओढा ओलांडून सभेला येता? तुमचं इथलं सगळं झालं.'

मायेनंच बोलली ती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'अगं, ती जागा मेल्यावर लागायची आहे. तोवर मी कुठं बसू?'

ती खळखळून हसली. 'बाई बी ना!' म्हणाली. तिला वाटलं, मी नेहमीसारखी फिरकी घेतेय. मग शिपाई खुर्ची न्यायला आला, म्हणून मी उठले.