जावई नागपूरला, फाइल कॅनडात

तोमाशने भाड्याचा फ्लॅट सोडायची नोटीस देऊन टाकली होती, आणि ही गोष्ट तो मला जॅकेटची चेन लावता लावता, माझ्या ऑफिसच्या दारात उभा राहून सांगत होता.

"सोमवारी राजीनामा देतो. नागपूरचं तिकीट काढलंय. वन-वे."

"जॅकेट काढ," मी म्हणाले, "आणि परत बस."

आमचं बोलणं इंग्रजीत झालं. इथे मराठीत सांगते आहे.

मी कॅनडातल्या किचनर शहरात इमिग्रेशन कन्सल्टंट आहे. लोकांचे व्हिसाचे, पीआरचे अर्ज तयार करायचे आणि सरकारी खात्याशी त्यांच्या वतीने बोलायचं, हे माझं काम. पीआर म्हणजे कॅनडात कायम राहण्याची परवानगी. नागरिकत्व नव्हे, त्याच्या एक पायरी खाली.

तोमाश पोलंडचा, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. ऋचा नागपूरची. ती इथे शिकायला आली होती, तेव्हा ओळख झाली. तिचं वर्क परमिट संपलं, ती परत गेली, आणि लग्न नागपुरात झालं. तोवर तोमाशला पीआर मिळाली होती. तिच्या जोरावर त्याने बायकोला स्पॉन्सर केलं, म्हणजे तिलाही इथे बोलावून घेण्याचा अर्ज केला. तो माझ्याकडे आला, कारण सासूबाईंची अट होती: कन्सल्टंट मराठी पाहिजे, आपल्याला फोन करून विचारता आलं पाहिजे.

ऋचाचे दिवस भरत आले होते. तोमाशचा हिशोब सरळ होता. आपण तिकडे राहायचं, फाइल इकडे चालत राहील, मंजूर झाली की तिघांनी मिळून यायचं.

"तसं चालत नाही," मी म्हणाले. "सोडून गेलास तर फाइल रिजेक्ट होऊ शकते."

"का? मी युरोपियन आहे. माझा मित्र वॉर्सा सोडून लिस्बनला गेला, बायको ब्राझीलची. ती त्याच्याबरोबर गेली, तिला तिथे राहण्याचं कार्ड मिळालं. कुणी काही अडवलं नाही."

"तो युरोपचा नियम. तिथे तुम्हा लोकांना देश बदलायचा हक्क आहे आणि बायको त्या हक्कात येते. इथे तुझ्या पासपोर्टचा रंग कुणी बघत नाही. इथे तू फक्त पीआर आहेस. कॅनडाचा सिटिझन परदेशात राहूनही बायकोला स्पॉन्सर करू शकतो, पुढे दोघं इथे राहायला येणार असतील तर. पीआरवाल्याला ती सवलत नाही. फाइलचा निकाल लागेपर्यंत त्याचं घर कॅनडातच असावं लागतं."

"म्हणजे बाळाच्या जन्माला मी जायचं नाही?"

"जायचं. पण भेटायला. घर ठेवून, नोकरी ठेवून, परतीचं तिकीट काढून."

त्याने जॅकेट उचललं. खाली पार्किंगमध्ये जाऊन त्याने बायकोला फोन केला. अर्ध्या तासाने माझा फोन वाजला. सुनंदाकाकू, ऋचाची आई.

"तुम्ही आमच्या जावयाला येऊ नका म्हणून सांगून राहिल्या?"

"काकू, येऊ नका नाही म्हटलं. येऊन राहू नका म्हटलं."

"एकच झालं ना! पोरगी इथे बाळंतीण होणार आणि तोमाशराव तिथे बर्फ उपसत बसणार! तुम्हाला काही मन आहे का नाही?"

मी नियम पुन्हा सांगितला. त्यांनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

तोमाशने मात्र ऐकलं. घरमालकीण भली, तिने नोटीस मागे घेऊ दिली. मॅनेजरने सुट्टी दिली. तो परतीचं तिकीट घेऊन नागपूरला गेला.

मुलगी वेळेआधीच जन्मली. वजन कमी, श्वासाला त्रास. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. परतीची तारीख जवळ आली तेव्हा तोमाशचा व्हिडिओ कॉल आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मी येत नाही. फाइल बुडाली तर बुडू दे."

यावर काय बोलायचं ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. मी म्हणाले, "बाळ बरं होईपर्यंत थांब. आजारपणासाठी मुक्काम वाढला तर कागद दाखवून समजावता येतं. पण तिथेच राहायचं ठरवलंस तर मला खात्याला तसं खरं कळवावं लागेल. निर्णय तुझा."

मागून काकूंचा आवाज आला. "द्या इकडे फोन." आणि त्या स्क्रीनवर आल्या.

"हे परतले नाही तर नेमकं काय होईल? फिरवून नका सांगू."

"बहुतेक अर्ज रद्द होईल. मग सगळं पहिल्यापासून. तोमाश तिथे, नोकरी नाही. किंवा तो इथे आणि त्या दोघी तिथे, आणखी किती काळ ते मी सांगू शकत नाही."

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगी घरी आली की मी पाठवते यांना."

आणि पाठवलं. ऋचाने मला नंतर सांगितलं, नात घरी आल्यावर काकूंनी स्वतः त्याची बॅग भरली. तो पलंगावरून उठेना, तेव्हा त्याच्या शेजारी बसून आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "यू गो. आय ॲम हिअर. आय डोंट स्लीप, आय वॉच." तो लहान मुलासारखा रडला आणि गेला.

पुढचं काम माझं होतं. बाळाचं नाव लगेच फाइलमध्ये घातलं. 'उशीर होईल, बाळाचं नंतर बघू' असा सल्ला त्याला कुणीतरी दिला होता. वेळेवर न कळवलेलं मूल पुढे इकडे आणणं फार अवघड होऊन बसतं. मग खात्याचं पत्र आलं: तुम्ही कॅनडात राहता याचे पुरावे द्या. घराचा करार होता, पगाराच्या स्लिपा होत्या, दोन्ही बाजूंची तिकिटं होती. त्याच दिवशी पाठवले.

मंजुरी आली. ऋचा आणि छोटी टोरांटोला उतरल्या. तोमाशने विमानतळावरून फोन करून माझे इतके आभार मानले की मला संकोच वाटला. कारण त्याला विमानात मी बसवलं नव्हतं.

म्हणून मी नागपूरला फोन लावला. "काकू, थँक्यू. तुम्ही होतात म्हणून झालं."

"पोरगी गेली, नात गेली," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही थँक्यू म्हणून राहिल्या." मग हसल्या. "बरं, आजीला तिकडे यायचं असेल तर कोणता व्हिसा लागतो?"

नियम सांगायला मी पुरेशी असते, पाळायला लावायला नाही. तेव्हापासून नव्या क्लायंटला मी पहिल्याच भेटीत विचारते, तुमच्या घरात कुणाचं ऐकतात? आणि दुसरी मीटिंग त्या व्यक्तीबरोबर ठेवते.