फुलपाखरू माशाचं जेवण

बदली झालेल्या मित्रानं खाऱ्या पाण्याची टाकी आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आणून ठेवली, तेव्हा तिच्यात एकच मासा होता. पिवळा, ताटलीसारखा चपटा. खरा डोळा काळ्या पट्ट्यात लपवलेला आणि शत्रूला चकवायला शेपटाकडं एक खोटा डोळा. फुलपाखरू मासा म्हणतात त्याला. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आधी नाक मुरडलं. आम्ही जैन, घरात अंडंसुद्धा येत नाही.

पण हळूहळू अण्णा टाकीसमोरच खुर्ची टाकून बसू लागले. समुद्रात हे मासे बहुधा जोडीनं फिरतात, असं मी सांगितलं. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "एकटाच हाय बिचारा," एवढंच ते म्हणाले. मासा दिवसभर चरतो आणि अंधार पडला की प्रवाळाच्या कपारीत शिरून गप्प बसतो, हे कळल्यावर तर स्वारी एकदम खूश. "दिवस मावळल्यावर खात न्हाय? मग आपल्यातलाच की!"

पंचाईत पुढेच होती. मासा दुकानातल्या कोरड्या दाण्यांना तोंडच लावेना. पोट खपाटीला गेलं. त्याचं ते चिमट्यासारखं तोंड प्रवाळातले इवले जीव टिपायलाच घडलेलं, असं मी म्हणालो.

"प्रवाळ म्हंजे दगूड न्हवं?"

"जिवंत असतं, अण्णा. एकेका भोकात एकेक जीव."

अण्णांचा चेहरा पडला. शिंपल्याचं मांस द्या, नाहीतर मासा जगायचा नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. अण्णा माझ्याशी बोलेनात, पण टाकीपासून हलेनातही. मला त्यांचा राग यायचा आणि मायाही दाटून यायची.

एका सकाळी ते शेजारच्या काकूंच्या दारात जाऊन उभे राहिले. काकूंचं घर पक्कं मटणाचं. अण्णांनी तिथं कधी पाणीही घेतलं नव्हतं.

"वैनी, तुमच्या फ्रीजमध्ये जरा जागा हाय का?"

"व्हय की. पर ठेवायचं काय, अण्णा?"

"आमच्या माशाचं जेवान."

त्या दुपारी चिमट्यात शिंपल्याचा तुकडा धरून अण्णा टाकीशी उभे राहिले. डोळे मिटून ते त्या तुकड्याला म्हणाले, "क्षमा कर बाबा." मग चिमटा पाण्यात धरला. "खा रं लेकरा."

मासा आला, जरा घुटमळला आणि टिपू लागला. अण्णा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.